तयार लिनक्स मशीन चाचणीसाठी उभं करताना: क्रम आणि नेहमीच्या चुका

‘फेटल: नो बूटेबल मीडियम फाउंड! सिस्टिम हॉल्टेड.’ काळ्या खिडकीतल्या या ओळीचा मोबाइलवर काढलेला फोटो मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. पाठवणाऱ्याने तयार लिनक्सची (म्हणजे आधीच बसवून ठेवलेल्या प्रणालीची) फाइल उतरवलेली असते, व्हर्च्युअलबॉक्स (विंडोजच्या आत एका खिडकीत दुसरा, आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम) बसवलेला असतो, स्टार्ट दाबलेलं असतं, आणि आता ‘लिनक्स चालत नाही’ असा निकालही त्याने देऊन टाकलेला असतो. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपल्यापासून असे फोटो वाढलेत. खरं तर लिनक्स सुरू होण्यापर्यंत गाडी पोचलेलीच नसते. चूक बहुतेक वेळा स्टार्ट दाबण्याच्या आधीच होऊन गेलेली असते, म्हणून या लेखात निम्मी जागा त्या ‘आधी’ला दिली आहे.

उदाहरण एकच धरतो: विंडोज ११चा लॅपटॉप, त्यावर ओरॅकलचा व्हर्च्युअलबॉक्स, आणि ओएसबॉक्सेस या संकेतस्थळावरची लिनक्स मिंटची (सिनॅमन डेस्कटॉपवाली) तयार डिस्क, म्हणजे आभासी संगणकाची अख्खी हार्ड डिस्क एका फाइलीत; तिलाच इमेजही म्हणतात. या आभासी संगणकाला पुढे ‘मशीन’ म्हणतो. उबुंटू, डेबियन किंवा फेडोराची तयार डिस्क घेतली तरी क्रम हाच राहतो. बटणांवरचे शब्द आवृत्तीप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील, तेवढं सांभाळून घ्या.

## आधी दोन गोष्टी ठरवा

पहिली, काय तपासायचंय? ‘लिनक्स कसं आहे ते बघू’ असं म्हणून बसलात तर दहा मिनिटं वॉलपेपर बदलाल आणि बंद कराल. कागदावर पाच कामं लिहा: मराठी पत्र टाइप करून छापणं, जुनी एक्सेल फाइल उघडणं, ऑफिसची वेबसाइट, स्कॅन केलेली पीडीएफ, व्हिडिओ कॉल. तुमची यादी वेगळी असेल, पण ती आत्ताच लिहा. आठव्या टप्प्यात लागणार आहे.

दुसरी, कोणतं लिनक्स? तयार इमेज शोधताना काली लिनक्स पटकन सापडतं, कारण त्याच्या निर्मात्यांकडूनच व्हर्च्युअलबॉक्ससाठी बांधलेली इमेज मिळते. मग लोक तेच उचलतात. काली सुरक्षा-चाचणी करणाऱ्यांसाठी आहे. रोजच्या ऑफिसकामासाठी लिनक्स जोखायला काली घेणं म्हणजे बाजारहाटाला क्रेन घेऊन जाणं. विंडोजची सवय असलेल्या माणसाला मिंट सिनॅमन लवकर हाताशी येतं, म्हणून इथे ते घेतलंय.

सावध: एम१ किंवा त्यानंतरच्या चिपचा मॅक असेल तर इथेच थांबा. व्हर्च्युअलबॉक्स ७.१पासून त्या मॅकवर चालतो, पण फक्त आर्म प्रकारच्या (इंटेल-एएमडीहून वेगळ्या रचनेच्या चिपसाठीच्या) प्रणाली चालवतो. नेहमीची ६४-बिट इंटेल-एएमडीची तयार डिस्क त्यावर सुरू होणार नाही. डोकेफोड करू नका, आर्मसाठीची इमेज शोधा.

## टप्पा १: लॅपटॉपची झडती

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलात की खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ दिसेल. तिथे ‘एनेबल्ड’ हवं. ‘डिसेबल्ड’ असेल तर लॅपटॉप पुन्हा सुरू करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये) शिरावं लागेल. इंटेलच्या यंत्रात हे सेटिंग ‘व्हीटी-एक्स’ किंवा ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ या नावाने असतं, एएमडीच्या यंत्रात बहुतेकदा ‘एसव्हीएम मोड’ या नावाने. हे एसव्हीएम नाव माहीत नसल्यामुळे कित्येक जण अर्धा तास बायोस धुंडाळून परत येतात.

मेमरी ८ जीबी असेल तर काम होतं, थोडं ओढाताणीने. १६ असेल तर आरामात. ४ जीबीच्या यंत्रावर हा उद्योग करूच नका. विंडोज आणि लिनक्स दोघंही उपाशी राहतील आणि तुम्ही लिनक्सला नावं ठेवाल.

डिस्कवर ४० जीबी तरी मोकळे हवेत. संकुचित फाइल, तिच्यातून निघालेली डिस्क, स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती), अपडेट असं सगळं मिळून जागा भराभर जाते. मशीन चालू असताना विंडोजची डिस्क भरली तर व्हर्च्युअलबॉक्स ते मशीन मध्येच थांबवून ठेवतो.

आता कासव. व्हर्च्युअलबॉक्सच्या चालू खिडकीत खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसलं, तर समजा की विंडोजच्या पोटात मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा हायपरव्हायझर (आभासी संगणक चालवणारा थर) आधीच चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या मागे रांगेत उभं राहावं लागतंय. मशीन चालतं, पण रेंगाळतं. ‘विंडोज फीचर्स’च्या यादीत हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म यांच्या खुणा काढून यंत्र पुन्हा सुरू केलं की कासव बऱ्याचदा जातं. तरीही राहिलं तर विंडोज सिक्युरिटीतल्या कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटेग्रिटी हे कारण असू शकतं.

सावध: वरच्या खुणा काढल्या की विंडोजमधलं डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) आणि त्याच्या आधारावर चालणारं डॉकर डेस्कटॉप हे प्रोग्रॅमरांचं साधन बंद पडतं. मेमरी इंटेग्रिटी तर सुरक्षेची सोय आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर ती परस्पर बंद करू नका. माझं मत विचाराल तर आधी कासवासकट दोन दिवस वापरून पाहा. मिंटसारखा हलका डेस्कटॉप सुसह्य चालत असेल तर आठवड्याभराच्या चाचणीसाठी विंडोजच्या पोटात हात घालायची गरज नाही.

## टप्पा २: व्हर्च्युअलबॉक्स बसवणं

व्हर्च्युअलबॉक्सच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. ७ पासून पुढच्या आवृत्त्यांना विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल आधी लागतं. ते नसेल तर इन्स्टॉलर सुरुवातीलाच अडतो. मध्येच ‘पायथन कोअर’ नाही म्हणून एक इशारा येतो. ते फक्त प्रोग्रॅम लिहून व्हर्च्युअलबॉक्स हाताळणाऱ्यांना लागतं, तुम्ही खुशाल पुढे जा. नेटवर्कचा इशारा मात्र खरा आहे: बसवताना इंटरनेट क्षणभर तुटतं. मीटिंग चालू असताना हे काम काढू नका.

एक्स्टेन्शन पॅक म्हणून वेगळी फाइल दिसेल. ती घेऊ नका. यूएसबी २ आणि ३चा आधार आवृत्ती ७ पासून मूळ पॅकेजमध्येच आहे. शिवाय त्या पॅकचा परवाना वेगळा आहे. वैयक्तिक वापर आणि मूल्यमापनाला तो फुकट असला, तरी ऑफिसात कायम वापरायचा तर ओरॅकलचे पैसे मोजावे लागतात.

बसवून झालं की लगेच एक सेटिंग करा. फाइल मेनूतल्या प्रेफरन्सेसमध्ये ‘डीफॉल्ट मशीन फोल्डर’ असतं. ते मोकळी जागा असलेल्या ड्राइव्हवर न्या, उदाहरणार्थ डी ड्राइव्हवर ‘लिनक्सचाचणी’ नावाचं फोल्डर. हे फोल्डर वनड्राइव्ह किंवा तत्सम सिंकमध्ये असता कामा नये. चालू मशीनची डिस्क सतत बदलत असते. तेवढी मोठी फाइल ढगात चढवायच्या नादात सिंक इंटरनेटही खाईल आणि मशीनही अडवेल.

## टप्पा ३: इमेज उतरवा, पडताळा, जागेवर ठेवा

ओएसबॉक्सेसवर प्रत्येक लिनक्ससाठी दोन प्रकार असतात: व्हर्च्युअलबॉक्ससाठी व्हीडीआय आणि व्हीएमवेअर या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी व्हीएमडीके. आपल्याला ६४-बिट व्हीडीआय हवी. ती ७झेड प्रकारात दाबलेली येते.

उतरली की लगेच उघडू नका. संकेतस्थळावर फाइलजवळ एसएचए-२५६ची ओळ दिलेली असते, ६४ अक्षरांची; ती त्या फाइलीच्या बोटाच्या ठशासारखी. विंडोजमध्ये ७-झिप बसवलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून ‘सीआरसी एसएचए’मधून एसएचए-२५६ काढा आणि जुळवून बघा. पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं जुळवून समाधान मानणारे असतात. इथे पूर्ण ओळ एखाद्या नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवली तर काम पाच सेकंदांचं आहे.

जुळलं नाही तर फाइल अर्धवट उतरली आहे किंवा बदललेली आहे. दोन्ही वेळी उपाय एकच, पुन्हा उतरवा. जुळलं तरी ती त्रयस्थाने बांधलेली प्रणाली आहे, हे विसरू नका. एसएचए जुळणं म्हणजे त्यांनी ठेवलेली फाइल तुमच्याकडे धड पोचली, एवढंच. चाचणीच्या मशीनवर बँकेचं लॉगिन किंवा आधारची कागदपत्रं उघडायची नाहीत.

आता फाइल उघडा. निघालेली व्हीडीआय संकुचित फाइलीच्या दुप्पट-तिप्पट भरू शकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ती डाउनलोड्समध्ये ठेवून मशीनला जोडू नका. व्हर्च्युअलबॉक्स फाइल उचलून स्वतःच्या फोल्डरात नेत नाही. जिथे आहे तिथूनच वापरतो. दोन आठवड्यांनी तुम्ही डाउनलोड्स साफ करता, नाहीतर विंडोजची आपोआप साफसफाई ते करते, आणि मशीनपुढे ‘इनअ‍ॅक्सेसिबल’ लिहून येतं. मी स्वतः हे केलंय. आठवडाभर जमवलेल्या सेटिंग्ज एका शिफ्ट-डिलीटमध्ये गेल्या आणि दोष द्यायला आरशातला माणूस सोडून कुणी नव्हतं. म्हणून मशीन फोल्डरात ‘मिंट-चाचणी’ असं उपफोल्डर करून व्हीडीआय आधी तिथे हलवा, मगच पुढचा टप्पा.

पेनड्राइव्हवरून दुसऱ्याला द्यायची असेल तर आणखी एक खोच आहे. जुने पेनड्राइव्ह फॅट३२ असतात आणि त्यांत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. जागा मोकळी दिसते, तरी ‘फाइल टू लार्ज’ येतं. पेनड्राइव्ह एक्सफॅटने फॉरमॅट करा.

मूळ ७झेड फाइल फेकू नका. का ते शेवटच्या टप्प्यात कळेल.

तपासा: व्हीडीआय मशीन फोल्डरात आहे, ७झेड दुसरीकडे जपून आहे, एसएचए जुळलाय.

## टप्पा ४: मशीन बांधणं

सुरुवातीला सांगितलेला फोटो इथे जन्माला येतो. सावकाश.

‘न्यू’ दाबा. नाव द्या, उदाहरणार्थ ‘मिंट-चाचणी-१’. आयएसओची (इन्स्टॉल करायच्या सीडीच्या फाइलीची) जागा रिकामी सोडा, आपण काहीही इन्स्टॉल करत नाही आहोत. व्हीडीआयची फाइल या जागी घुसवायचा प्रयत्न करणारे बरेच असतात. ती डिस्क आहे, सीडी नव्हे. प्रकार लिनक्स, आवृत्ती ‘उबुंटू ६४-बिट’, कारण मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटूवरच बेतलेली आहे.

हार्डवेअरच्या पानावर मेमरी: यजमान लॅपटॉपला ८ जीबी असेल तर ४,०९६ एमबीच्या पुढे जाऊ नका. पट्टीवरच्या हिरव्या भागात राहा. प्रोसेसर २ पुरेत. ‘जास्त दिले की जास्त पळेल’ असं नसतं. सगळे कोअर मशीनला दिले की विंडोजला श्वास घ्यायला उरत नाही आणि दोन्ही अडखळतात.

मग डिस्कचं पान. तीन पर्यायांपैकी पहिला, आपोआप निवडलेला असतो: ‘क्रिएट अ न्यू व्हर्च्युअल हार्ड डिस्क’. लोक नेक्स्ट-नेक्स्ट करत इथूनच पुढे निघून जातात. परिणाम असा, की मशीनला कोरी करकरीत डिस्क मिळते आणि तुमची व्हीडीआय बाजूला पडून राहते. कोऱ्या डिस्कवर बूट (म्हणजे सुरू) करण्यासारखं काही नाही, म्हणून ‘नो बूटेबल मीडियम’. तुम्हाला हवाय दुसरा पर्याय: ‘यूज अ‍ॅन एक्झिस्टिंग व्हर्च्युअल हार्ड डिस्क फाइल’. शेजारच्या फोल्डरच्या खुणेवर क्लिक, ‘अ‍ॅड’, आपली व्हीडीआय, ‘चूज’.

इथे डिस्कचा आकार शेकडो जीबी दिसून घाबरायला होतं. ती डिस्कची कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात फाइल जेवढी भरलीय तेवढीच जागा घेते आणि गरजेप्रमाणे फुगते.

तयार इमेज व्हीडीआयऐवजी ओव्हीए प्रकारात मिळाली असेल तर हा सगळा टप्पा गाळा. फाइल मेनूतून ‘इम्पोर्ट अप्लायन्स’ करा. तिच्यात डिस्कबरोबर मशीनचं वर्णनही बांधलेलं असतं. फक्त मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाच्या; अ‍ॅपलच्या मॅकशी याचा संबंध नाही) पर्यायात ‘जनरेट न्यू’ निवडा. एकाच ओव्हीएच्या दोन प्रती एका नेटवर्कवर आल्या तर त्यांचा पत्ता एक नको.

अडलं तर: ‘यूयूआयडी ऑलरेडी एक्झिस्ट्स’ असं आलं तर तुम्ही त्याच व्हीडीआयची विंडोजमध्ये कॉपी करून दुसरं मशीन बांधताय. नाव बदललं तरी आतली ओळख तीच राहते. कॉपी-पेस्ट सोडा आणि व्हर्च्युअलबॉक्समधल्या क्लोनचा पर्याय वापरा, तो नवी ओळख देतो.

## टप्पा ५: स्टार्टच्या आधी चार सेटिंग्ज आणि एक स्नॅपशॉट

मशीन बंद असतानाच सेटिंग्ज उघडा.

डिस्प्लेमध्ये व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करा, ग्राफिक्स कंट्रोलर ‘व्हीएमएसव्हीजीए’ असू द्या. थ्रीडी अ‍ॅक्सलरेशन सध्या बंद. पडदा फाटल्यासारखा दिसणं, मेनू पांढरे पडणं, यामागे बऱ्याचदा तेच असतं. सगळं नीट चाललं की मग चालू करून बघा.

सिस्टिममध्ये ‘एनेबल ईएफआय’ (ईएफआय म्हणजे बायोसच्या जागी आलेली बूट करायची नवी पद्धत). इमेज कोणत्या पद्धतीने बांधली आहे त्यावर हे अवलंबून असतं. आधी बंद ठेवून बघा. डिस्क नीट जोडलेली असूनही बूट होत नसेल तर मशीन पूर्ण बंद करा, चालू करून बघा. उलट ते चालू असताना पिवळट अक्षरांचं ‘यूईएफआय शेल’ दिसलं, तर बंद करा.

नेटवर्क ‘नॅट’च राहू द्या. ‘ब्रिज्ड’ अजिबात नको, निदान आत्ता नको. तयार इमेजचा पासवर्ड जगजाहीर असतो. नॅटमध्ये मशीन विंडोजच्या आडोशाला असतं, बाहेरच्याला थेट पोचता येत नाही. ब्रिज्ड केलं की ते तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कवर स्वतंत्र संगणक म्हणून उभं राहतं, जगजाहीर पासवर्डासकट.

शेअर्ड क्लिपबोर्ड आणि ड्रॅग अँड ड्रॉप सध्या ‘डिसेबल्ड’ ठेवा. सातव्या टप्प्यात क्लिपबोर्ड उघडू.

आता स्नॅपशॉट. मशीन एकदाही सुरू न करता, स्नॅपशॉट्समध्ये ‘टेक’ दाबा. नाव ‘कोरं’ आणि तारीख. बंद मशीनचा स्नॅपशॉट क्षणात होतो आणि त्यात मेमरीचा भार नसतो.

सावध: ‘रिस्टोर’ आणि ‘डिलीट’ यांची गल्लत होते. रिस्टोर म्हणजे त्या क्षणी परत जा. डिलीट म्हणजे ती खूण पुसून टाक, मशीन आज आहे तसंच राहू दे. ‘कोरं’कडे परत जायचंय म्हणून पुढचे स्नॅपशॉट डिलीट करत बसणारा माणूस मी पाहिलाय. तासभर डिस्क खडखडली आणि मशीन होतं तिथेच. आणखी एक: स्नॅपशॉट घेतला की मूळ व्हीडीआयला हात लावायचा नाही. हलवायची नाही, नाव बदलायचं नाही. पुढचे सगळे बदल वेगळ्या फाइलीत जातात आणि त्या फाइली मूळ डिस्कवर रेललेल्या असतात.

## टप्पा ६: पहिलं बूट आणि कुलपं

आता स्टार्ट.

लॉगिनच्या पडद्यावर ओएसबॉक्सेसचं नाव दिसेल. वापरकर्ता ‘ओएसबॉक्सेस’, पासवर्ड ‘ओएसबॉक्सेस डॉट ओआरजी’. अर्थातच रोमन लिपीत, सगळं लहान अक्षरांत, मध्ये टिंब, मोकळी जागा कुठेच नाही. माउस खिडकीत अडकला तर उजवं कंट्रोल दाबा, सुटेल.

पासवर्ड घेत नसेल तर कीबोर्डची मांडणी बघा. शंका असेल तर वापरकर्त्याच्या नावाच्या जागी टाइप करता येत असल्यास पासवर्डची अक्षरं तिथे टाइप करून नजरेने तपासा, मग पुसा.

आत आल्यावर मिंटची स्वागताची खिडकी टाइमशिफ्ट (मिंटच्या आतलंच स्नॅपशॉट घेणारं साधन) लावा म्हणून आग्रह करेल. खऱ्या यंत्रावर मी तो आग्रह मानला असता. इथे बाहेरून स्नॅपशॉट घेतलाय, आत टाइमशिफ्ट लावून डिस्क फुगवू नका.

पहिलं काम पासवर्ड. मेनूत ‘अकाउंट डिटेल्स’ शोधा आणि तिथून बदला. मग रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या मुख्य वापरकर्त्याचा. बऱ्याच जणांना तो वेगळा असतो हेच माहीत नसतं, आणि अशा इमेजमध्ये तोही त्याच जगजाहीर शब्दावर असू शकतो. टर्मिनल (टाइप करून आज्ञा द्यायची खिडकी) उघडून ‘सुडो पासडब्ल्यूडी रूट’ अशी आज्ञा रोमन लिपीत द्या. मधला शब्द म्हणजे इंग्रजी ‘पासवर्ड’मधली ओ आणि आर ही दोन अक्षरं गाळून उरतं ते. नवा पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकेही उमटणार नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, इथे तसंच असतं.

दुसरं काम घड्याळ. ‘डेट अँड टाइम’मध्ये विभाग आशिया-कोलकाता करा. वेळ चुकीची असेल तर ब्राउझर सुरक्षा-प्रमाणपत्राच्या नावाने प्रत्येक साइट अडवतो, अपडेटही ‘अजून वैध नाही’ म्हणतात, आणि माणूस इंटरनेट बिघडलं समजून राउटर उपटतो.

तपासा: लॉगआउट करून नव्या पासवर्डने परत आलात? उजवीकडचं घड्याळ मोबाइलशी जुळतं?

## टप्पा ७: अपडेट, मग गेस्ट अ‍ॅडिशन्स, याच क्रमाने

उलट क्रमाने केलं तर काम दोनदा करावं लागू शकतं. गेस्ट अ‍ॅडिशन्स (मशीनचा पडदा, माउस, क्लिपबोर्ड विंडोजशी जुळवून देणारं पूरक सॉफ्टवेअर) यांचे काही भाग चालू कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) बांधलेले असतात. आधी ते बसवले आणि मग अपडेटने कर्नलच बदललं, तर खिडकीचा आकार पुन्हा गोठू शकतो.

अपडेट मॅनेजर उघडा. तो आधी स्वतःला अपडेट करेल, मग बाकीची यादी दाखवेल. सगळं बसू द्या. वेळ लागेल, इमेज जुनी असेल तर बराच. दुसरं कुणी पॅकेजचं कुलूप धरून बसलंय असा संदेश आला तर थांबा. इंटरनेटवरचा सल्ला वाचून कुलपाची फाइल उडवू नका, अर्धवट बसलेली पॅकेजेस निस्तरणं जास्त महाग पडतं. संपल्यावर मशीन पुन्हा सुरू करा.

आता खिडकी माउसने लहान-मोठी करून बघा. आतला डेस्कटॉप सोबत बदलत असेल तर गेस्ट अ‍ॅडिशन्स आधीच आहेत, काहीही करायचं नाही. मिंटमध्ये पुष्कळदा असंच निघतं. ८०० गुणिले ६००वर अडकला असेल तर आधी व्ह्यू मेनूतलं ‘ऑटो-रिसाइझ गेस्ट डिस्प्ले’ चालू आहे का ते पाहा. मग सिनॅप्टिकमधून (मिंटमधल्या पॅकेज बसवायच्या प्रोग्रॅममधून) ‘व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-एक्स११’ हे पॅकेज बसवा.

सावध: डिव्हायसेस मेनूतून गेस्ट अ‍ॅडिशन्सची सीडी घालून चालवायचा सल्ला सगळीकडे असतो. लिनक्सचं स्वतःचं पॅकेज असताना वर सीडीचंही बसवलं की दोघांची जुंपते. एक काहीतरी ठेवा, आणि चाचणीसाठी लिनक्सचंच पॅकेज बरं.

आता शेअर्ड क्लिपबोर्ड दोन्ही बाजूंनी उघडा. विंडोजमधून फाइली द्यायच्या तर एक वेगळं फोल्डर करा, त्यात फायलींच्या प्रती टाका, आणि सेटिंग्जमध्ये शेअर्ड फोल्डर म्हणून ‘रीड-ओन्ली’ची खूण करून जोडा. लिनक्समध्ये ते दिसतं, पण उघडायला गेलं की परवानगी नाही म्हणतं. तुमचा वापरकर्ता ‘व्हीबॉक्सएसएफ’ गटात नसतो म्हणून. ‘यूजर्स अँड ग्रुप्स’मध्ये जाऊन त्या गटावर खूण करा आणि मशीन पुन्हा सुरू करा. पुन्हा सुरू करणं राहतं आणि लोक ‘गट दिला तरी चालत नाही’ म्हणतात.

मशीन शट डाउन करून दुसरा स्नॅपशॉट: ‘तयार’. यापुढे काही बिघडलं तर इथे परत यायचं.

## टप्पा ८: खरी चाचणी

सुरुवातीचा कागद काढा.

मराठीपासून सुरुवात करा, कारण निर्णय बहुतेक तिथेच होतो. कीबोर्ड सेटिंग्जमधल्या लेआउट्समध्ये भारतीय मांडण्यांतून मराठीची जोडता येते. इन्स्क्रिप्ट येत असेल तर तेवढ्यावर भागतं. उच्चारानुसार टाइप करायची सवय असेल तर आयबस (लिनक्समधली भाषा-टायपिंगची सोय) आणि त्याचं ‘एम१७एन’ पॅकेज बसवा. त्यात मराठीच्या फोनेटिक मांडण्या आहेत, गमभनसकट. बसवल्यावर ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस निवडून लॉगआउट करायला विसरू नका.

मग लिबरऑफिस रायटरमध्ये हे शब्द टाइप करा: दुसऱ्या, वाऱ्यावर, ॲप, क्लृप्ती, शृंगार, श्रावण. ‘ऱ्य’चा अर्धा र जोडून येतो का, ‘ॲ’ एकसंध उमटतो का, ते डोळ्यांनी पाहा. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसले तर दस्तऐवजाची भाषा मराठी करा, काही फॉन्ट त्याप्रमाणे अक्षररूप बदलतात. रायटरच्या पर्यायांत देवनागरीचा फॉन्ट आणि आकार ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या वेगळ्या कप्प्यात असतो. इंग्रजीचा आकार वाढवून मराठी तेवढंच राहिलं तर कारण हे.

जुन्या फायली हा दुसरा अडथळा. श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेलं काम असेल तर लिनक्समध्ये ते रोमन अक्षरांचा पसारा दिसेल. हे लिनक्सचं वैगुण्य म्हणून कागदावर मांडू नका. तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तेच दिसतं. किती फायली अशा आहेत आणि युनिकोडमध्ये आणायला किती दिवस जातील, ते मात्र लिहून ठेवा.

छपाई: नॅटच्या आडून प्रिंटर आपोआप सापडत नाही, कारण शोधाची हाक नॅटपलीकडे जात नाही. प्रिंटरचा आयपी पत्ता हाताने घातला तर बऱ्याचदा छापतो. तरीही अडलं तर आता, पासवर्ड बदलून झाल्यामुळे, थोड्या वेळापुरतं ब्रिज्ड करून बघायला हरकत नाही. ऑफिसच्या नेटवर्कवर असाल तर तिथल्या माणसाला विचारून.

डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन वापरत असाल तर डिव्हायसेसमधून तो मशीनला जोडा. तेवढा वेळ विंडोजला तो दिसणार नाही, दोघांना एकदम मिळत नाही. टोकनच्या उत्पादकाकडे लिनक्सचा ड्रायव्हर आहे की नाही हे टोकन जोडण्याआधीच शोधा.

व्हर्च्युअल मशीनमध्ये काय तपासता येत नाही, तेही त्याच कागदावर लिहा: वायफाय, बॅटरी, झाकण मिटल्यावरची झोप, बोटाच्या ठशाचं लॉगिन, ग्राफिक्सचा खरा वेग. आतल्या लिनक्सला तुमचा लॅपटॉप दिसतच नाही, व्हर्च्युअलबॉक्सने रचलेलं खोटं हार्डवेअर दिसतं. ‘व्हिडिओ अडखळतो’ हा शेरा इथून देऊ नका. त्यासाठी लाइव्ह यूएसबीवरून (काही न बसवता थेट लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) खऱ्या यंत्रावर अर्धा तास बूट करून बघावं लागतं.

एका बैठकीत उरकू नका. आठवडाभर रोज एक खरं काम आत करा. रोज काम झालं की शट डाउन. ‘सेव्ह स्टेट’ (मशीन आहे त्या स्थितीत गोठवून ठेवणं) सोयीचं वाटतं, पण तीन दिवस सेव्ह केलेलं मशीन उघडलं की घड्याळ आणि नेटवर्क कधीकधी मागे रेंगाळतात, आणि कागदावर भलतेच दोष चढतात.

## टप्पा ९: आवरून ठेवणं

आवडलं तर हेच मशीन कायमचं वापरायचा मोह होतो. तसं करू नका. त्रयस्थाने बांधलेली प्रणाली आहे, आणि तिची डिस्क जशीच्या तशी इतर अनेकांकडे गेलेली आहे, आतल्या ओळखखुणांसह. कायमसाठी लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ घ्या आणि नव्याने बसवा. तोवर हात बसलेला असतो, अर्ध्या तासाचं काम.

मशीन काढताना ‘रिमूव्ह’ दाबलं की विचारणा होते. ‘रिमूव्ह ओन्ली’ने नाव यादीतून जातं, फायली डिस्कवर राहतात. ‘डिलीट ऑल फाइल्स’ने जोडलेली व्हीडीआयसुद्धा जाते. अनेकांना वाटतं की ती आपण बाहेरून आणली, म्हणजे राहील. राहत नाही. म्हणून मूळ ७झेड बाजूला ठेवायला सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात कुणी ‘मलाही बघायचंय’ म्हणालं तर पुन्हा काही जीबी उतरवावे लागणार नाहीत. सगळं काढल्यावर व्हर्च्युअल मीडिया मॅनेजरमध्ये एक चक्कर मारा. एखादी डिस्क पिवळ्या खुणेसह तिथे रेंगाळत असेल तर तिला ‘रिलीज’ आणि मग ‘रिमूव्ह’ करा, नाहीतर तीच व्हीडीआय पुन्हा जोडताना यूयूआयडीचा संदेश परत येईल.